को-जनरेशन, वाफ आणि गारवा: खान्देशातून सारखे येणारे प्रश्न

मी गेली बरीच वर्षं बॉयलर, टर्बाइन (वाफेवर फिरून वीज करणारं यंत्र) आणि कारखान्यांच्या एनर्जी ऑडिटच्या कामात आहे. राहतो जळगावात, पण धुळे, शिरपूर, शहादा, नवापूर असं फिरणं चालूच असतं. कुठे बोलायला गेलो की नंतर व्हॉट्सअॅपवर तेच तेच प्रश्न येतात. इंजिनिअरिंगची पोरं विचारतात, केळीवाले विचारतात, साखर कारखान्याचे सभासद विचारतात. म्हणून सगळी उत्तरं एकदाच इथे लिहून ठेवतो. प्रश्न जसे आले तसेच ठेवलेत, फक्त शुद्धलेखन थोडं सुधारलंय.

१. को-जनरेशन म्हणजे नेमकं काय हो सर? सोप्या भाषेत सांगा.

घरी मातीची चूल आठवते का? पुढच्या तोंडावर आई कळण्याची भाकरी भाजायची आणि बाजूच्या वैलावर डाळ नाहीतर पाण्याचं पातेलं असायचं. वैलाला वेगळं लाकूड कधीच घालावं लागलं नाही, चुलीतून जाणाऱ्या आचेवरच ते काम व्हायचं. को-जनरेशन हेच आहे. इंधन एकदाच जाळायचं, त्याची वीज करायची आणि वीज करून उरलेली उष्णता कूलिंग टॉवरमधून, म्हणजे पाणी गार करायच्या मनोऱ्यातून, आभाळात न सोडता कामाला लावायची. आपल्या २००३च्या वीज कायद्यातली व्याख्यापण जवळपास अशीच आहे, की एकाच वेळी दोन किंवा जास्त प्रकारची उपयोगी ऊर्जा निघाली पाहिजे आणि त्यातली एक वीज असली पाहिजे. उष्णतेपासून गारवासुद्धा केला तर त्याला ट्रायजनरेशन म्हणतात, त्याचं प्रश्न ९ मधे बघा.

२. आणि डिस्ट्रिक्ट हीटिंग?

प्रत्येक घरात वेगळी शेगडी किंवा बॉयलर ठेवायच्या ऐवजी गावाबाहेर एका ठिकाणी पाणी गरम करायचं आणि जमिनीखालून लॅगिंग केलेल्या, म्हणजे उष्णता रोखणारं आवरण गुंडाळलेल्या, पाइपांनी घरोघरी फिरवायचं. जातं गरम, येतं कोमट, परत गरम होऊन जातं. नळपाणी योजना असते ना, तशीच, फक्त पाणी वापरून संपत नाही, गोल फिरत राहतं. ही काही नवी गोष्ट नाही, न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधे १८८२ पासून रस्त्याखालून वाफ जाते आणि ती व्यवस्था आजही चालू आहे. सुरुवातीला वाफ होती, मग शंभर अंशांच्या वरचं दाबाखालचं पाणी आलं, मग शंभरच्या खालचं, आणि आता नवीन लाइनी साठ-सत्तर अंशांवरच चालवतात. तापमान जितकं कमी तितकी वाटेतली उष्णता कमी वाया जाते आणि कमी प्रतीची, म्हणजे पूर्वी फेकूनच द्यायचो अशी उष्णता त्यात घालता येते.

३. आमनाकडे इतलं ऊन पडस, मंग गरम पाणीनी लाइन कसाले पाहिजे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि अगदी रास्त आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगाव ४५ अंशांच्या पुढे जातं, तिथे घरं गरम करायची लाइन टाकणं म्हणजे पैसा मातीत घालणं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे हुडहुडी भरते खरी, पण दोन महिन्यांच्या आंघोळीच्या पाण्यासाठी रस्ते खोदणं परवडत नाही, त्याला गच्चीवरचा सोलर हीटर पुरतो.

पण उष्णतेची गरज फक्त घराला असते का? डाळ वाळवायला गरम हवा लागते, कापड रंगवायला वाफ लागते, दूध पाश्चराइज करायला लागते, स्टार्चला लागते, साखरेला तर लागतेच लागते. आणि आपल्याकडे गारवा पाहिजे, तो उष्णतेपासून करता येतो. म्हणून मी सगळ्यांना एकच गोष्ट सांगत असतो, की डेन्मार्कचा (त्यांचं प्रश्न ५ मधे बघा) नकाशा इथे आणून चिकटवू नका, त्यांचा हिशोब आणा. आधी उष्णता कुठे लागते, किती अंशांची लागते आणि वर्षातले किती तास लागते ते शोधा. वीज किती निघेल हा त्याच्या नंतरचा प्रश्न. आपल्याकडे नेमकं उलट होतं, आधी मेगावॅट ठरतात आणि मग उष्णतेचं काय करायचं म्हणून डोकं खाजवत बसतात.

४. कार्बन खरंच किती कमी होतो? आकड्यात सांगा.

समजा एका कारखान्याला ३० युनिट वीज आणि ५० युनिट उष्णता पाहिजे. वीज नेहमीच्या कोळशाच्या केंद्रातून घेतली, ज्याची कार्यक्षमता धरू ३५ टक्के, तर तिथे साधारण ८६ युनिट इंधन जळलं. उष्णता स्वतःच्या बॉयलरवर ८५ टक्क्यांनी काढली तर आणखी ५९. एकूण १४५. आता हेच दोन्ही ८० टक्के एकूण कार्यक्षमतेच्या को-जनरेशनमधून काढलं तर १०० युनिट इंधनात भागतं. म्हणजे इंधन तेच धरलं तर ३१ टक्के इंधन वाचलं आणि तेवढाच कार्बन वाचला. लांबून तारांनी येणाऱ्या विजेची वाटेतली गळती यात धरलेलीच नाही.

पण हे ३१ काही देवाने लिहून दिलेलं नाही हे लक्षात ठेवा. उष्णता निम्मीच वापरली गेली तर हा फायदा ३१वरून १३ टक्क्यांवर येतो. मशीनच्या पाटीवर ८० टक्के लिहिलेलं असतं म्हणून वर्षाचे ८० टक्के येत नाहीत. युरोपियन युनियनमधे तर नियमच आहे, की वेगवेगळं करण्यापेक्षा निदान १० टक्के मूळ इंधन वाचलं तरच त्याला उच्च कार्यक्षमतेचं को-जनरेशन म्हणायचं.

५. युरोपात इतकी वर्षं हे चालू आहे, तिथे फरक पडला का? की नुसतं ऐकायला छान?

पडला, पण सगळीकडे सारखा नाही. डेन्मार्क १९७३च्या तेलाच्या टंचाईत पार हादरला होता, घरं आयात तेलावर गरम व्हायची. त्यांनी १९७९ला उष्णता पुरवठ्याचा कायदा केला, कुठल्या भागात लाइन जाईल ते आधीच आखून ठेवलं, आणि आज तिथली जवळपास दोन तृतीयांश घरं या लाइनवर आहेत. मला त्यातलं सगळ्यात जास्त आवडतं ते हे, की पाइप एकदा गाडले की मागचं इंधन बदलता येतं. कोळसा काढला, भुसा घातला, कचरा घातला, आता मोठे हीट पंप (विजेवर कमी तापमानाची उष्णता वर चढवणारी यंत्रं) बसवतायत, घरातल्या माणसाला काही कळतपण नाही. हेलसिंकीने हानासारीचं कोळसा केंद्र २०२३ला बंद केलं आणि २०२५ला साल्मिसारीचंपण, लाइन मात्र तीच राहिली. आइसलँडमधे तर दहातली नऊ घरं जमिनीतल्या गरम पाण्यावर आहेत.

आता दुसरी बाजू. जगभरातल्या अशा लाइनींमधे जाणारी सुमारे ९० टक्के उष्णता अजूनही कोळसा, गॅस आणि तेलातूनच येते, चीन आणि रशियाचा वाटा त्यात फार मोठा आहे. म्हणजे पाइप टाकला की कार्बन आपोआप कमी होत नाही, पाइपात काय घालता त्यावर ठरतं.

६. दीपनगरच्या पॉवर स्टेशनची उष्णता वाया जाते म्हणता, मग ती भुसावळ-जळगावला आणता येणार नाही का?

हा प्रश्न विचारणाऱ्याचं मला फार कौतुक वाटतं, कारण रेल्वेतून जाताना त्या कूलिंग टॉवरची वाफ सगळेच बघतात पण हा विचार फार थोडे करतात. तिथे ५०० मेगावॅटचे दोन संच आणि ६६०चा नवीन संच. कोळशातली निम्म्याच्या आसपास उष्णता कंडेन्सरच्या, म्हणजे टर्बाइनमधून निघालेली वाफ परत पाणी करणाऱ्या यंत्राच्या, पाण्यातून जाते, हे खरं. पण ते पाणी असतं फक्त चाळीस-पंचेचाळीस अंशांचं. आपल्या उन्हाळ्याच्या हवेपेक्षा जेमतेम गरम, त्याने डाळ वाळत नाही की वाफ होत नाही. उपयोगी तापमान पाहिजे तर टर्बाइनच्या मधल्या टप्प्यातून वाफ काढून घ्यावी लागते आणि तेवढी वीज कमी होते. सौदा वाईट नाही, एक युनिट वीज सोडली तर तापमानानुसार चार ते आठ युनिट उष्णता मिळते.

अंतर हा तितका मोठा अडथळा नाही. चेक प्रजासत्ताकात मेल्निकच्या केंद्रातून प्रागला तीस किलोमीटरहून लांब गरम पाण्याची लाइन आहे. मात्र हे पाण्याचं, वाफ सहसा इतकी लांब नेत नाहीत. खरी अडचण वेगळीच आहे, वर्षभर तेवढी उष्णता घेणारं गिऱ्हाईक त्या परिसरात पाहिजे. घरं घेणार नाहीत, म्हणून जवळ वाफ लागणारे उद्योग आणून बसवले तर गणित जमू शकतं, नाहीतर नाही. आणि आणखी एक, कोळशाच्या केंद्रावर पंचवीस वर्षांची लाइन बांधली की ते केंद्र बंद करणं तितकंच अवघड होतं, तेही आधीच तोलून बघावं.

७. आमच्या साखर कारखान्यात बगॅस जाळतातच की, मग नवीन काय करायचं?

एक टन उसातून साधारण २८० ते ३०० किलो बगॅस, म्हणजे रस काढून उरलेला चोथा, निघतो, त्यात निम्मं पाणी. जुने बॉयलर २१ किलो (चौरस सेंटिमीटरला) दाबाचे, बगॅस कसातरी संपवायचा हाच हेतू, कारण तो साठवायची पंचाईत आणि आग लागायची भीती. त्यात कारखान्याचं स्वतःचं कसंबसं भागायचं. नवीन बॉयलर ६७, ८७ आणि ११० किलो दाबाचे आहेत. वाफ आधी टर्बाइनवरून वीज करून उतरते आणि मग कमी दाबाची होऊन रस आटवायला पॅन आणि इव्हॅपोरेटरला जाते. साखरेला पाहिजे तेवढीच वाफ मिळते आणि चांगल्या चाललेल्या कारखान्यात टनामागे शंभर युनिटच्या आसपास वीज बाहेर विकता येते.

आपल्या देशाच्या ग्रिडची, म्हणजे सगळ्या केंद्रांच्या एकत्र जाळ्याची, वीज सरासरी एका युनिटला ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडते. म्हणजे टनाला ७० किलो वाचला. २,५०० टन रोजच्या गाळपाचा कारखाना धरला तर दिवसाला १७५ टन! देशात बगॅसवरचं को-जनरेशन नऊ हजार मेगावॅटच्या पुढे गेलंय आणि त्यात महाराष्ट्र पुढे आहे. पण बघा, खान्देशातले किती कारखाने बंद पडले ते आपण डोळ्यांनी पाहिलंय. ऊसच नसेल तर बॉयलर ११०चा असो की २१चा, दोन्ही थंडच. ज्या भागात ऊस आणि पाणी पुरेसं नाही तिथे कर्ज काढून को-जन उभारू नका असंच मी सभासदांना सांगतो, मग त्यांना ते आवडो न आवडो.

८. बगॅस जाळला तरी धूर निघतोच, मग कार्बन शून्य कसा? आणि हंगाम संपल्यावर काय?

चिमणीतून कार्बन निघतोच. फरक एवढाच की तो उसाने त्याच वर्षी हवेतून घेतलेला असतो, कोट्यवधी वर्षं जमिनीखाली दडलेला नसतो. तरी अगदी शून्य म्हणू नये, खत, पंपाची वीज, ट्रॅक्टरचं डिझेल आणि शेतात पाचट पेटवलं तर तो धूर, हे सगळं मोजायला पाहिजे. चिमणीची राख हा वेगळा विषय, त्याने श्वासाचा त्रास होतो आणि त्यासाठी फिल्टर नीट चालला पाहिजे.

हंगाम चार-पाच महिन्यांचा. पुढे दोन मार्ग असतात, एक तर बगॅस वाचवून ठेवायचा नाहीतर दुसरं इंधन आणायचं. कोळसा आणला तर हिशोबातला सगळा हिरवेपणा तिथेच संपला. आपल्याकडे पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, भरपूर आहेत, बांधावर पेटवून देण्यापेक्षा बॉयलरमधे घातलेल्या कितीतरी बऱ्या, पण त्या हलक्या आणि पसरट, कुट्टी न करता लांबून आणल्या तर डिझेलच जास्त जातं. केळीचे खांब जाळता येतील का असं रावेर-यावलकडून नेहमी विचारतात. नाही जमत भाऊ, त्यात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी असतं, वाळवायलाच जास्त उष्णता लागेल. त्याचं खत करा, धागा काढा.

आणि एक बारीक मुद्दा, जो अहवालात कुणी लिहीत नाही. हंगामाबाहेर साखर नाही म्हणजे वाफ घेणारं कुणी नाही. टर्बाइन तेव्हा फक्त वीज करते आणि उरलेली उष्णता कूलिंग टॉवरला जाते. ते को-जनरेशन नाहीच, ते एक छोटं, कमी कार्यक्षमतेचं वीज केंद्र आहे.

९. वाफेपासून गारवा कसा होतो? केळीच्या रायपनिंग चेंबरला चालेल का?

त्या मशीनला व्हीएएम म्हणतात, व्हेपर अॅब्सॉर्प्शन मशीन. नेहमीच्या चिलरमधे कॉम्प्रेसर विजेवर फिरतो, इथे ते काम उष्णता करते. पाणी अगदी कमी दाबात उकळून गार होतं, त्याची वाफ लिथियम ब्रोमाइडचं द्रावण शोषून घेतं, मग ते द्रावण उष्णता देऊन पुन्हा घट्ट करायचं. साध्या सिंगल इफेक्ट मशीनला ८० ते ९५ अंशांचं गरम पाणी पुरतं. त्यातून सहा-सात अंशांचं थंड पाणी मिळतं, शून्याखाली मात्र हे जात नाही, त्याला अमोनियाचं मशीन लागतं.

आता केळीचं बघा. साठवण १३-१४ अंशांवर, पिकवणं १६ ते १८ वर. तेराच्या खाली गेलं की साल काळवंडते, म्हणजे केळीला बर्फ नकोच आहे, नुसता गारवा पाहिजे. सात अंशांच्या पाण्यात हे आरामात बसतं! दूध, पीव्हीसी पाइपच्या मशीनला लागणारं गार पाणी, हॉस्पिटलचं एसी, सगळं या टप्प्यात येतं. खान्देशासाठी ही सगळ्यात मोलाची जोडी आहे असं मला मनापासून वाटतं. फक्त साखर कारखान्याची उष्णता थंडीत मिळते आणि गारव्याची मारामार एप्रिल-मेमधे, म्हणून केळीचं शीतगृह वर्षभर चालणाऱ्या उद्योगाशी जोडावं, हंगामी कारखान्याशी नको.

१०. मग मी कोळशाचा छोटा बॉयलर घेऊन त्यावर व्हीएएम चालवला तर? वीजबिल वाचेल ना?

वीजबिल वाचेल, कार्बन तिपटीहून जास्त होईल. एक टन गारव्याला, म्हणजे एक टीआरला, सिंगल इफेक्ट मशीन तासाला ५ युनिट उष्णता खातं. ती कोळशावर ८० टक्क्यांच्या बॉयलरने काढली तर सव्वादोन किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. तेवढाच गारवा विजेच्या चिलरवर ०.९ युनिटमधे होतो, म्हणजे ग्रिडच्या हिशोबाने ०.६ किलो. डबल इफेक्ट मशीन घेतलं तरी कोळशावर ते दुप्पटच पडतं. म्हणून व्हीएएम फक्त अशा उष्णतेवर चालवा जी नाहीतर वायाच जाणार होती. शिवाय विजेच्या चिलरपेक्षा याच्या कूलिंग टॉवरला पाणी जवळपास दुप्पट लागतं, आणि आपल्या तालुक्यांतली पाण्याची अवस्था तुम्हाला मी काय सांगावी.

११. डिस्ट्रिक्ट कूलिंग भारतात कुठे आहे का?

आहे, फार लांब नाही, गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत. एका ठिकाणी पाणी गार करून भुयारातल्या पाइपांनी इमारतींना देतात. ते विजेच्या चिलरवर आहे, वाया गेलेल्या उष्णतेवर नाही, तरी प्रत्येक इमारतीत वेगळे एसी बसवण्यापेक्षा वीज कमी लागते. नवीन टाउनशिप किंवा मेडिकल कॉलेजचा मोठा आवार बांधताना विचार करावा. जुन्या वस्तीत रस्ते खोदून नको.

१२. एमआयडीसीत आम्ही दहा-बारा युनिटवाले मिळून एकच बॉयलर घेऊ शकतो का?

घेऊ शकता, आणि घ्यावाच. सुरतजवळ सचिन जीआयडीसीत मोठ्या बॉयलरची वाफ पाइपलाइनने बऱ्याच कारखान्यांना जाते, मीटर लावून बिल येतं. आपले खान्देशातले किती लोक उधना-लिंबायतला राहून तिकडच्या मिलमधे काम करतात, त्यांना हे माहीत असतं. दहा छोट्या बॉयलरपेक्षा एक मोठा बॉयलर इंधन कमी खातो, धूर एकाच चिमणीतून नीट गाळून जातो, आणि तेवढ्या वाफेवर बॅक प्रेशर टर्बाइन, म्हणजे वीज करून कमी दाबाची वाफ पुढे कामाला सोडणारी टर्बाइन, बसवता येते. छोट्या एकट्या बॉयलरवर टर्बाइन सहसा परवडत नाही.

वाफ विकणं हा दोघांमधला करार असतो, पण बॉयलर आणि वाफेची लाइन बॉयलर इन्स्पेक्टरच्या तपासणीत येते. विजेचं मात्र कडक आहे. कॅप्टिव्ह, म्हणजे स्वतःच्या वापरासाठीचं वीज केंद्र, म्हणवून घ्यायला वापरणाऱ्यांची मिळून निदान २६ टक्के मालकी पाहिजे आणि वर्षाची निदान ५१ टक्के वीज त्यांनीच वापरली पाहिजे. मी पाहिलेला एक प्रयत्न तांत्रिक कारणाने नाही, तर एका मोठ्या गिऱ्हाईकाने मधेच अंग काढून घेतल्याने बसला. किमान इतकी वाफ घेईनच असं प्रत्येकाकडून आधी लिहून घ्या.

१३. साक्रीला सोलर आहे, ब्राह्मणवेलला पवनचक्क्या आहेत, वीज हिरवी होत चाललीय. मग को-जनची गरजच काय?

फार चांगला प्रश्न, आणि उत्तर इंधनावर अवलंबून आहे. प्रश्न ४ मधली बचत ही कोळशाच्या विजेशी तुलना करून आहे. ग्रिडचा ०.७ जसजसा खाली येईल तसतशी ती बचत कमी होईल, आणि एक दिवस गॅस किंवा कोळशावरचं को-जन ग्रिडपेक्षा घाण ठरेल. म्हणून आज नवीन कोळशाचं को-जन उभं करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. बगॅस, पऱ्हाटी आणि बायोगॅस यांचं तसं नाही, त्यात इंधनच हिरवं आहे. आणि सोलरची वीज संध्याकाळी सातला नसते, तेव्हाच गावात पंखे आणि कूलर सगळे चालू असतात, बायोमासची वीज त्या वेळेला देता येते.

१४. वाचलेला कार्बन कुणाच्या नावावर? क्रेडिट मिळतं का?

क्योटो या जागतिक हवामान कराराच्या सीडीएम योजनेत भारतातल्या बगॅस प्रकल्पांना क्रेडिट, म्हणजे वाचलेल्या कार्बनचं विकता येणारं प्रमाणपत्र, मिळालं होतं, आता देशाची स्वतःची कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजना २०२३ला जाहीर झालीय. पण क्रेडिटच्या पैशांवर प्रकल्पाचं गणित बसवू नका, ते वरचं लोणी समजा. आणि एकच बचत दोघांनी मोजायची नाही. वीज घेणाऱ्याने आपल्या अहवालात दाखवली तर कारखान्याने परत दाखवू नये, करारात तसं लिहा.

१५. आमचं छोटं युनिट आहे, डेअरी म्हणा, दाल मिल म्हणा. आम्ही सुरुवात कुठून करू?

को-जनपासून अजिबात नाही. आधी उघड्या पाइपांना लॅगिंग करा, गळणारे स्टीम ट्रॅप (वाफ अडवून फक्त पाणी बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह) बदला, कंडेन्सेट, म्हणजे वाफेचं झालेलं गरम पाणी, गटारात सोडू नका तर परत बॉयलरच्या फीड टँकला घ्या. एका ठिकाणी मी वाफेची उघडी लाइन पाहिली होती, तिच्यावर कामगार डबे गरम करायला ठेवायचे, आणि मालक मला टर्बाइनचं कोटेशन विचारत होते. अशी गळती असताना गरज मोजली तर मशीन मोठं घेतलं जातं आणि जन्मभर अर्ध्या लोडवर चालतं.

त्याच्यापुढे सल्ला पाहिजे असेल तर मेसेज करताना एवढं पाठवा: बारा महिन्यांची वीजबिलं, इंधन खरेदीचं रजिस्टर, वाफ किती दाबाची आणि दिवसातले किती तास लागते, आणि शेजारी दोन किलोमीटरच्या आत कुणाला वाफ किंवा गार पाणी लागतं का. शेवटचं आवर्जून विचारून घ्या, बहुतेक जणांना शेजारच्या शेडमधे काय चालतं हेच माहीत नसतं.